ओळख हीच यतना : घरातील उपद्रवी जीव आणि त्यांच्या सवयी

(सुवर्ण महोत्सवानिमित्त मोताळा येथे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



धर्मकार्याच्या व्यासपीठावर झुरळ, ढेकूण आणि उंदीर यांचे विवेचन व्हावे, याचे काहींना नवल वाटेल. परंतु अहिंसेचे पालन मंदिरात किंवा स्थानकात थोडा वेळ होते, आणि घरात चोवीस तास. सकाळी पाणी गाळून घेणारा, सूर्यास्तापूर्वी भोजन आटोपणारा श्रावक रात्री ओट्यावर झुरळ दिसताच फवाऱ्याचा डबा हाती घेतो. सामायिक करून उठलेली माऊली गव्हात पडलेले किडे पाहून हताश होते. ते धान्य टाकावे तर अन्नाचा नाश, उन्हात पसरावे तर जीवांचा नाश. हा प्रसंग जवळजवळ प्रत्येक घरातला आहे. त्यामागे श्रद्धेचा अभाव नसतो. ज्या जीवांबरोबर एका छपराखाली राहावयाचे, त्यांची ओळखच करून घेतलेली नसते, हे त्याचे खरे कारण होय.

जीव ओळखला, त्याची भूक, तहान, निवारा आणि जन्माची जागा समजली, तर त्याला मारण्याची वेळ बहुतांशी येत नाही, हेच या व्याख्यानाचे एकमेव प्रतिपाद्य आहे.

शास्त्राची दृष्टी

जीवांची ओळख करून घेणे हे जैन परंपरेला नवे नाही. उमास्वातींच्या, म्हणजे दिगंबर परंपरेतील उमास्वामींच्या, तत्त्वार्थसूत्राच्या दुसऱ्या अध्यायात कृमी, मुंगी, भुंगा आणि मनुष्य या क्रमाने एकेक इंद्रिय वाढत जाते, असा विचार मांडला आहे. मुंगी, ऊ, ढेकूण, वाळवी हे त्रींद्रिय. माशी, डास, विंचू हे चतुरिंद्रिय. उंदीर आणि पाल हे पंचेंद्रिय, हे वर्गीकरण पाठशाळेतील मुलांनाही पाठ असते. आधुनिक कीटकशास्त्राची भाषा आणि वर्गवारी वेगळी आहे. तथापि लहानात लहान जीवाकडे निरखून पाहावे, हा आग्रह दोहोंतही समान आहे.

त्याच ग्रंथात हिंसेची व्याख्या करताना प्रमादाला, म्हणजे बेसावधपणाला, मध्यवर्ती स्थान दिले आहे. ही गोष्ट गृहस्थाने विशेष ध्यानात घ्यावी. टाकीतील अळ्या ज्या दिवशी फेकल्या, त्या दिवशी हिंसा सुरू झाली असे नाही. टाकीवरचे झाकण ज्या दिवशी उघडे राहिले, त्याच दिवशी ती सुरू झाली. मधल्या आठ दिवसांत जे घडले, तो त्या प्रमादाचा केवळ विस्तार होता.

चातुर्मासाची योजनाही याच निरीक्षणातून आली. पावसाळ्यात उष्णता आणि आर्द्रता एकत्र येतात, असंख्य जीव जन्म घेतात, म्हणून साधू-साध्वी विहार थांबवून एका ठिकाणी राहतात. जीवांच्या सवयी पाहून माणसाने स्वतःचे वर्तन बदलावे, याचे याहून ठळक उदाहरण क्वचितच सापडेल.

धान्याची कोठी

मोताळा हा कापूस, सोयाबीन, तूर आणि मका पिकविणारा तालुका. येथील घरांत वर्षाचे धान्य एकदम भरण्याची रीत अद्याप टिकून आहे. त्यामुळे पहिली ओळख धान्यातील किडीची.

गहू, ज्वारी, तांदूळ आणि मका यांत आढळणारा सोंड्या किंवा सोंडकिडा तपकिरी-काळसर, तांदळाच्या दाण्याहूनही लहान असतो आणि त्याच्या तोंडापुढे सोंडेसारखा भाग असतो. मादी दाण्याला बारीक छिद्र पाडते, त्यात एक अंडे घालते आणि चिकट द्रवाने ते छिद्र बुजवून टाकते. अळी दाण्याच्या पोटातच वाढते. अनुकूल हवेत सुमारे महिनाभराने पूर्ण वाढलेला किडा दाणा पोखरून बाहेर येतो. म्हणूनच काल निवडलेल्या स्वच्छ गव्हात आज किडे कोठून आले, असा प्रश्न गृहिणीला पडतो. ते बाहेरून आलेले नसतात, दाण्याच्या आतच होते.

तूर, मूग, हरभरा, चवळी यांतील भुंगेरा निराळा. त्याची मादी दाण्याच्या पृष्ठभागावर पांढुरकी अंडी चिकटवते. डोळ्यांना ती खसखशीहूनही बारीक ठिपक्यांसारखी दिसतात. कडधान्याला गोल छिद्र दिसले, तर त्यातून किडा बाहेर पडून गेला, असे समजावे. या भुंगेऱ्याची सुरुवात पुष्कळदा शेतातच, वाळत आलेल्या शेंगांवर होते. पूर्ण वाढलेला भुंगेरा साठवणीत काही खात नाही. थोडे दिवस जगतो आणि तेवढ्यात अंडी घालतो. त्याच्या अळीला वाढीसाठी अखंड दाणा सोयीचा असतो. भरडून सालपटे काढलेल्या डाळीत त्याचा उपद्रव पुष्कळ कमी होतो. उन्हाळ्यातच वर्षाची तूर भरडून डाळ करून ठेवण्याची वऱ्हाडातील जुनी रीत किती शहाणपणाची होती, हे यावरून उमगते.

पिठातील तांबडा भुंगेरा अखंड दाण्यापेक्षा पीठ, रवा आणि फुटके दाणे यांवर वाढतो. उष्ण व दमट हवेत त्याची अंडी साधारणपणे तीन ते पाच दिवसांत उबतात. दिगंबर श्रावकाचारात पिठाची मर्यादा पावसाळ्यात तीन दिवस, उन्हाळ्यात पाच आणि हिवाळ्यात सात दिवस अशी रूढ आहे. हा मेळ लक्षात घेण्याजोगा आहे. गिरणीतून महिन्याचे पीठ एकदम आणून ठेवणाऱ्या घराने या जुन्या मर्यादेचा पुन्हा एकदा विचार करावा.

या सर्व किडींची एक समान गरज आहे, ती म्हणजे ओलावा. धान्यातील ओलावा दहा टक्क्यांच्या खाली गेला की बहुतेक किडींची वाढ मंदावते. दाणा दाताखाली धरला असता 'कट्' असा आवाज करून तुटला, तर तो पुरेसा वाळला, ही घरगुती परीक्षा आजही उपयोगी आहे. नवे धान्य घरात येताच, कीड दिसण्यापूर्वी, चैत्र-वैशाखाच्या उन्हात वाळवावे. ते गरम असतानाच कोठीत भरू नये. आतील वाफेचे पाणी होते आणि तोच ओलावा किडीला आमंत्रण देतो. कोठी आधी रिकामी करून, सांधे झाडून, कोरडी करावी. जुन्या धान्यावर नवे धान्य ओतणे ही सर्वांत मोठी चूक होय, कारण जुन्याच्या तळाशी असलेली कीड नव्यात सहज शिरते. बारदानाच्या शिवणीतही ती दडून राहते.

अखंड कडधान्याला किलोमागे सुमारे ५ मिलिलिटर खाद्यतेल चोळून ठेवल्यास भुंगेऱ्याची मादी त्यावर अंडी घालण्याचे टाळते. घातलेली अंडीही टिकत नाहीत. म्हणूनच हे तेल कीड लागण्यापूर्वी लावावयाचे असते, नंतर नव्हे. सावलीत वाळविलेला कडुनिंबाचा पाला हा पूरक उपाय आहे. कोरडेपणा नसेल, तर एकटा पाला काही करू शकत नाही.

ओटा, मोरी आणि उकिरडा

घरातील झुरळे मुख्यतः दोन प्रकारची. लहान, फिकट तपकिरी आणि डोक्यामागे दोन गडद उभ्या रेषा असलेले ते जर्मन झुरळ. ते स्वयंपाकघरातच राहते. मोठे, तांबूस तपकिरी ते अमेरिकन झुरळ; त्याचे मूळ ठिकाण मोरी, गटार आणि शौचालयाची टाकी. हा भेद महत्त्वाचा आहे. मोठे झुरळ दिसले तर वाट मोरीतून आहे आणि जाळी बसविल्याने काम भागते. लहान झुरळ दिसले तर वस्ती ओट्याच्या आसपासच आहे. मोरीला जाळी लावून काही उपयोग नाही.

लहान झुरळाची मादी तीस-चाळीस अंडी असलेली डबी उबण्याच्या वेळेपर्यंत स्वतःच्या शरीराशी वागविते. ही झुरळे किराणा मालाच्या पुठ्ठ्याच्या खोक्यांतून आणि जुन्या सामानातून घरात येतात. पाठ आणि पोट दोन्हीकडून स्पर्श होईल अशी अरुंद फट त्यांना प्रिय असते. अन्नावाचून ते महिनाभर तग धरू शकते, परंतु पाण्यावाचून दोन आठवडे काढणेही त्याला कठीण जाते. म्हणून रात्री झोपण्यापूर्वी ओटा व भांडी घासण्याची जागा कोरडी पुसणे, टपकणारा नळ दुरुस्त करणे, शेगडीखालचा तेलकटपणा काढणे आणि भिंतीतील फटी सिमेंटने बुजविणे, हे चार उपाय कोणत्याही फवाऱ्याहून अधिक टिकाऊ ठरतात. सूर्यास्तापूर्वी भोजन होणाऱ्या घरात रात्री ओटा कोरडा आणि रिता ठेवणे तर सर्वांत सोपे आहे. दिवसा विसावणाऱ्या आणि रात्री अन्न शोधणाऱ्या या जीवाला तेथे काहीच मिळत नाही.

मुंग्यांची रांग पाहून पुष्कळजण रांगेवरच पाणी ओततात. रांग ही गंधाची वाट असते. एखादी मुंगी अन्न शोधून परत जाताना जमिनीवर गंध सोडते आणि इतर त्या मागावर येतात. अन्नाचा कण उचलला की येण्याचे कारण संपते. काही वेळाने मुंग्या परतल्या की ती वाट ओल्या फडक्याने पुसून काढावी. गंध गेला की नवी मुंगी तेथे येत नाही. येथे एका जीवाचाही घात होत नाही. लागतो तो केवळ पंधरा मिनिटांचा संयम.

माशीचा जन्म घरात होत नाही. शेण, उकिरडा आणि कुजका कचरा ही तिची जन्मस्थाने. उन्हाळ्यात अंड्यापासून माशी होण्यास आठ-दहा दिवस पुरतात. गोठ्यातील शेण रोज उचलून घरापासून दूर, झाकलेल्या खड्ड्यात टाकले, तर माशांची संख्या मुळातच घटते.

ज्यांना उपद्रवी म्हणू नये अशांचीही ओळख हवी. भिंतीवरची पाल विषारी नाही. ती डास आणि लहान किडे खाते. अन्नात तिची विष्ठा किंवा ती स्वतः पडू नये म्हणून अन्न झाकावे, इतकेच पुरे. कोपऱ्यातील कोळ्याला झाडूने चिरडण्यापेक्षा जाळे धरण्यापूर्वीच कोपरे नियमित पुसावेत.

साठविलेले पाणी

नळाला रोज पाणी येत नाही, म्हणून रांजण, पिंप, हौद भरून ठेवणे ही बुलढाणा जिल्ह्यातील असंख्य घरांची गरज आहे. याच पाण्यात डेंग्यूचा प्रसार करणारा एडीस डास जन्मतो. त्याच्या काळ्या अंगावर आणि पायांवर पांढरे पट्टे असतात. तो दिवसा चावतो, विशेषतः सकाळी आणि दिवस मावळण्यापूर्वी. त्याला घाण पाणी लागत नाही. स्वच्छ, स्थिर पाणी लागते. त्यामुळे घर स्वच्छ आहे, मग डेंग्यू कसा झाला, हा प्रश्न गैरसमजातून येतो. कूलरची टाकी, फ्रिजच्या मागची ताटली, कुंडीखालची थाळी, छतावरचे टायर, नारळाची करवंटी, पक्ष्यांसाठी ठेवलेले पाण्याचे भांडे, यांपैकी काहीही त्याला पुरते. पक्ष्यांना पाणी ठेवणे हे पुण्यकर्म आहे. परंतु ते पाणी रोज बदलले नाही, तर त्याच भांड्यातून रोगाचा उगम होतो.

हिवतापाचा अ‍ॅनॉफेलिस डास रात्री चावतो आणि बसताना शरीराचा मागचा भाग उंचावतो. या डासाच्या पोटात हिवतापाचा परोपजीवी वाढतो, हे रोनाल्ड रॉस यांनी २० ऑगस्ट १८९७ रोजी सिकंदराबाद येथे दाखवून दिले. गटारीत आणि शौचालयाच्या टाकीत वाढणारा क्युलेक्स डास हत्तीरोगाचा वाहक आहे. दिवसा डास चावत असतील तर घरातील साठे तपासावेत. रात्री फार डास असतील तर गटार आणि टाकीची वायुनळी पाहावी. वायुनळीच्या तोंडाला बारीक जाळी बांधणे हे अल्प खर्चाचे आणि अत्यंत परिणामकारक काम आहे.

अंड्यापासून डास होण्यास उष्ण हवेत साधारण सात ते दहा दिवस लागतात. आरोग्य विभाग आठवड्यातून एक 'कोरडा दिवस' पाळा असे सांगतो, त्यामागील कारण हेच. एडीसची अंडी भांड्याच्या कडेला पाण्याच्या रेषेवर चिकटलेली असतात आणि कोरड्यातही कित्येक महिने जिवंत राहतात. म्हणून भांडे केवळ रिकामे करणे पुरेसे नाही, त्याची आतील बाजू घासावी लागते. येथे श्रावकाच्या मनात शंका येईल की, अंडी घासून काढणे हीसुद्धा हिंसाच नव्हे काय? ती आहेच. म्हणूनच पाणी भरताक्षणी रांजणाच्या तोंडाला घट्ट कापड बांधावे. गाळण्याचे कापड प्रत्येक जैन घरात आहेच. त्याच कापडाचा आणखी एक तुकडा पिंपावर बांधला की मादीला अंडी घालण्यास जागाच उरत नाही. पाणी गाळून जिवाणी जपून परत सोडणाऱ्या परंपरेला हे वेगळे शिकविण्याची आवश्यकता नाही.

खाट आणि ग्रंथ

ढेकूण चपटा, तांबूस तपकिरी आणि सुमारे ४-५ मिलिमीटरचा असतो. त्याला उडता येत नाही, उडी मारता येत नाही. तो स्वतः चालून फार दूर जात नाही. त्याला माणूसच वाहून नेतो. प्रवासातील वळकटी, बॅगेची शिवण, जुने फर्निचर ही त्याची वाहने. तीर्थयात्रेहून परतल्यावर बॅग थेट पलंगावर न ठेवता अंगणात उघडावी, शिवणी पाहाव्यात आणि कपडे झटकूनच आत न्यावेत, हा नियम पाळला तर पुढचा सारा त्रास टळतो. ढेकूण अन्नावाचून कित्येक महिने राहू शकतो. त्यामुळे खोली बंद ठेवून तो जात नाही. त्याच्यामुळे रोग पसरतो असे सिद्ध झालेले नाही. खाज आणि निद्रानाश मात्र निश्चित होतो. म्हणून त्याच्या धास्तीने शेतातील जहाल औषध झोपण्याच्या खोलीत फवारणे हे रोगापेक्षा उपाय भयंकर असे होय.

वाळवीची ओळख मातीच्या बोगद्यांवरून होते. उघड्या हवेत तिचे मऊ शरीर सुकते, म्हणून ती मातीची बंद वाट करूनच लाकडापर्यंत पोहोचते. पहिल्या पावसानंतर दिव्याभोवती जमणारे पंखधारी जीव हे वाळवीचेच नवे कुटुंब स्थापन करण्यास निघालेले नर-मादी असतात. त्या संध्याकाळी बाहेरचा दिवा थोडा वेळ मालविला, तर कित्येक जीवांचे प्राण वाचतात आणि घराजवळ नवे वारूळ होण्याची शक्यताही घटते. कपाट भिंतीला टेकवून न ठेवणे, ओल शोधून तिचे मूळ बंद करणे आणि लाकूड थेट मातीला लागू न देणे, ही तिच्यापासूनची संरक्षक भिंत होय.

ग्रंथांना वाळवीप्रमाणेच कसर लागते. चंदेरी, माशाच्या आकाराचा, वेगाने पळणारा हा बिनपंखी कीटक कागदावरील खळ आणि पुठ्ठ्यावरील सरस खातो. विदर्भातील कारंजा येथील जैन मंदिरांच्या ग्रंथभांडारांत अपभ्रंश भाषेतील अमोल हस्तलिखिते जपली गेली आणि डॉ. हिरालाल जैन यांच्यासारख्या विद्वानांनी ती जगापुढे आणली. ती शतकानुशतके टिकली याचे श्रेय वेष्टनात घट्ट बांधण्याच्या पद्धतीला, वेखंडासारख्या उग्रगंधी वनस्पतींना आणि वर्षातून ग्रंथ बाहेर काढण्याच्या प्रथेलाही आहे. दिगंबरांची ज्येष्ठातील श्रुतपंचमी आणि श्वेतांबरांची कार्तिकातील ज्ञानपंचमी या दिवशी ग्रंथ उघडले जातात, झाडले जातात, पूजिले जातात. कसर आणि वाळवी यांना अंधार, ओल आणि निश्चल शांतता हवी असते. वर्षातून एकदा ती शांतता मोडणे, हीच ग्रंथांची सर्वोत्तम रक्षा होय. घरोघरीच्या कपाटांत बंद असलेल्या पोथ्यांचेही त्या दिवशी स्मरण व्हावे.

उंदीर : इतिहासाचा धडा

घरात शिरणारे तिघे वेगवेगळे ओळखावेत. लांब शेपटीचा, भिंतीवर आणि आढ्यावर चढणारा तो घरउंदीर. जाडजूड, जमिनीत बिळे करणारी ती घूस. लांब टोकदार तोंडाची, चिरक्या आवाजाची, उग्र वासाची ती चिचुंद्री. चिचुंद्री ही उंदरांच्या वर्गातली नव्हेच. ती मुख्यतः किडे आणि झुरळे खाते.

उंदराचे पुढचे दात आयुष्यभर वाढतात, म्हणून तो कुरतडतो; त्याला भूकच असते असे नाही. तो नव्या वस्तूला बिचकतो, म्हणून नवा पिंजरा दोन-तीन दिवस तसाच, उघडा ठेवावा लागतो. लहान उंदराला पेन्सिल जाईल एवढी फट पुरते.

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगास यांनी प्लेगचा रोगी ओळखला. मांडवी ही धान्याच्या गोदामांची पेठ होती, ही गोष्ट व्यापारी समाजाने विसरू नये. दोन वर्षांनी, १८९८ मध्ये, पॉल लुई सिमाँ यांनी कराची येथे दाखविले की, हा रोग उंदरावरील पिसवांमार्फत माणसाकडे येतो. उंदीर मेला की त्याचे शरीर थंड पडते आणि भुकेल्या पिसवा दुसरे उबदार शरीर शोधतात.

याचा प्रत्यय पुढे महाराष्ट्रात आला. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर मराठवाड्यात अनेक लोक पक्की घरे सोडून बाहेर राहू लागले. बंद घरांत धान्य तसेच राहिले आणि उंदरांची संख्या वाढली, असे अभ्यासकांनी मांडले. ऑगस्ट १९९४ मध्ये बीड जिल्ह्यातील मामला गावी उंदीर मरू लागले, पिसवांचा त्रास सुरू झाला आणि पाठोपाठ गाठीच्या प्लेगचे रोगी आढळले. सप्टेंबरमध्ये सुरत शहर फुप्फुसाच्या प्लेगने हादरले आणि लाखो लोक शहर सोडून निघाले. मोताळ्यावरून वाहणारी नळगंगा पूर्णेला मिळते, पूर्णा तापीला, आणि तापी सुरतेजवळ सागराला. सुरत तशी दूर नाही.

या इतिहासातील बोध श्रावकासाठी विलक्षण आहे. प्लेगच्या काळात आधी उंदीर मारू नयेत, आधी पिसवांचा बंदोबस्त करावा, हे आरोग्यशास्त्राचेच तत्त्व आहे. नुसता वध केल्याने संकट वाढते. उंदीर कमी होतो तो धान्य झाकल्याने, फटी बुजविल्याने आणि उकिरडा हलविल्याने. मारून रिकाम्या झालेल्या जागी, अन्न तेथेच असेल, तर पुन्हा नवे उंदीर येतात. घरात मेलेला उंदीर दिसला तर त्याला उघड्या हाताने स्पर्श करू नये, आणि एकाच वेळी अनेक उंदीर मरू लागले तर तत्काळ आरोग्य केंद्रास कळवावे. पिंजऱ्यात आलेला उंदीर सोडावयाचा, तर वस्तीपासून दूर पडीक रानात सोडावा; दुसऱ्याच्या शेतात सोडणे म्हणजे स्वतःचा त्रास शेजाऱ्याच्या दारी नेणे होय.

विषाचा मार्ग

विषाचा वापर करणाऱ्यांनी त्याची गती ओळखावी. रक्त गोठू न देणारे उंदराचे विष त्याला लगेच मारत नाही. तो कित्येक दिवस तडफडतो. त्याला खाणारे घुबड आणि मांजर यांनाही त्या विषाची बाधा होते. म्हणजे उंदरांवर नैसर्गिक अंकुश ठेवणारेच आधी नष्ट होतात.

धान्यात ठेवण्याच्या अ‍ॅल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या हवेतील ओलाव्याने फॉस्फिन हा अतिविषारी वायू सोडतात. या विषावर नेमका उतारा नाही. कायद्याने हे मर्यादित वापराचे द्रव्य आहे. ते प्रशिक्षित व्यक्तीनेच, माणसांची वस्ती नसलेल्या बंद गोदामात वापरावयाचे असते. झोपण्याच्या खोलीत किंवा तिच्या शेजारी धान्याच्या कोठीत या गोळ्या ठेवणे म्हणजे झोपलेल्या मुलांच्या प्राणांशी खेळणे होय. २०१७ च्या पावसाळ्याअखेरीस यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले. उघड्या रानात ज्या औषधाने धडधाकट माणसे गेली, तशी औषधे ढेकणांसाठी चार भिंतींच्या आत फवारली जातात. कपाशीच्या या तालुक्यात कोणत्या घरी अशी बाटली नाही? ती कुलपात, अन्नापासून आणि मुलांच्या हातापासून दूर असावी, हा अहिंसेचा पहिला पाठ समजावा.

एक कठीण प्रश्न

इतके करूनही उपद्रव झालाच, तर काय? घरात तान्हे मूल आहे, गावात डेंग्यूची साथ आहे, अशा वेळी गृहस्थाने हातावर हात ठेवून बसावे काय? शास्त्रकारांनी गृहस्थाची मर्यादा जाणली होती. संकल्पी, आरंभी, उद्योगी आणि विरोधी असे हिंसेचे चार प्रकार सांगून त्यांनी श्रावकाला संकल्पी हिंसेचा संपूर्ण त्याग सांगितला. उरलेल्या तिन्हींत यतना सांगितली. रोग्याला उपचार मिळावेत, मुलाला मच्छरदाणी मिळावी, साथीच्या वेळी आरोग्य कर्मचाऱ्यांना घर तपासू द्यावे, यात संकोच नसावा. परंतु आळसाने साचू दिलेल्या पाण्याची हिंसा 'विरोधी' या नावाखाली झाकता येणार नाही. ती प्रमादाचीच हिंसा होय, आणि तिचा हिशेब ज्याचा त्याने प्रतिक्रमणाच्या वेळी स्वतःशी करावयाचा आहे.

याचा प्रारंभ अवघड नाही. प्रत्येक घरात आठवड्यातला एक दिवस ठरवावा. त्या दिवशी पाण्याची भांडी घासून, भरून, कापडाने बांधावीत. ओट्याखाली, पलंगाच्या शिवणीत, कोठीच्या तळाशी आणि कपाटाच्या मागे प्रकाश टाकून पाहावे. हे काम मुलांच्या हाती द्यावे. कोणता जीव, किती इंद्रियांचा, तो येथे का आला, त्याला काय हवे होते, हे मुलांनी वडीलधाऱ्यांना विचारावे आणि वडिलांनी सांगावे. पाठशाळेत पाठ केलेले वर्गीकरण अशा रीतीने घराच्या कोपऱ्याकोपऱ्यांत सजीव होईल. मारण्यासाठी हात उचलण्यापूर्वी ओळखण्यासाठी नजर खाली जावी, एवढी सवय नव्या पिढीला लागली, तरी सुवर्ण महोत्सवाच्या या वर्षातील एक कार्य सिद्धीस गेले असे म्हणता येईल.

जाणता-अजाणता दुखावलेल्या सर्व जीवांप्रती मिच्छामि दुक्कडम्. जय जिनेंद्र.